घातक कचऱ्याच्या जागी काम करणाऱ्यांसाठीचा ४० तासांचा वर्ग

अमेरिकेत १९८० च्या कायद्याने सुरू झालेल्या सुपरफंड या सफाईच्या सरकारी कार्यक्रमातील प्रदूषित जागांवर जे नेहमीचे काम करतात, त्यांना आधी ४० तासांचे सुरक्षा प्रशिक्षण घ्यावे लागते. कंत्राटदाराकडे अभियंता म्हणून रुजू झाल्यावर मी हा वर्ग एका खासगी संस्थेत प्रत्यक्ष उपस्थित राहून पूर्ण केला.

शिकवणे उत्तम होते. बाहेरचा हातमोजा बाहीला चिकटपट्टीने बांधताना पट्टीचे टोक दुमडून मोकळे ठेवायचे, म्हणजे काम संपल्यावर त्याच जाड हातमोज्यांनी ती एका ओढीत सुटते, हे प्रशिक्षकांनी प्रत्येकाकडून तीन-तीनदा करून घेतले. मास्क चेहऱ्याला नीट बसला आहे का, हे पाहण्यासाठी केळ्यासारख्या वासाचे रसायन वापरले. दाढी राखलेल्या सहकाऱ्याला तो वास लगेच आला आणि मास्कची कड हवाबंद बसणे म्हणजे काय, हे सर्वांना एका क्षणात कळले.

माझी तक्रार पुढच्या टप्प्याविषयी आहे. नियमानुसार या ४० तासांनंतर किमान तीन दिवस अनुभवी पर्यवेक्षकाच्या थेट देखरेखीखाली जागेवर काम करावे लागते. ती जबाबदारी नोकरी देणाऱ्याची असल्याचे सांगून संस्थेने हा विषय दोन मिनिटांत संपवला. आमच्या जागेवरचे जुने पर्यवेक्षक अधिक पगारासाठी सोडून गेले होते आणि माझ्यावर देखरेख करणारे गृहस्थ स्वतःच चार महिन्यांपूर्वी आलेले होते. भूजल तपासण्यासाठी खोदलेली कोणती निरीक्षण विहीर उन्हाळ्यात कोरडी पडते, जुनी पिंपे नेमकी कुठे सापडली होती, हे त्यांना कागदांत शोधावे लागे. प्रदूषण जागेवर शिल्लक राहिले, तर दर पाच वर्षांनी फेरआढावा घेणे कायद्याने बंधनकारक आहे. असे दोन-तीन आढावे होईपर्यंत मूळ माणसांपैकी कोणीही उरत नसेल, तर पुढच्याच्या हाती काम कसे सोपवावे, हे वर्गात एक तास तरी शिकवायला हवे, असे मला मनापासून वाटते. दरवर्षीच्या आठ तासांच्या उजळणीत यासाठी भरपूर जागा आहे, पण मला तिथे पुन्हा तेच धडे मिळाले.

नव्याने येणाऱ्यांनी हा वर्ग ऑनलाइन न करता समोर बसूनच करावा, आणि नोकरी स्वीकारण्यापूर्वी त्या तीन दिवसांत आपल्यावर देखरेख कोण करणार आणि ती व्यक्ती या जागेवर किती वर्षे आहे, हे स्पष्ट विचारून घ्यावे.