गॉसिपॉलची दोन रूपे: ऋण आणि धन

सरकीतील गॉसिपॉल या पिवळ्या रंगद्रव्याच्या रेणूचे दोन अर्धे भाग मधल्या बंधाभोवती मोकळेपणी फिरू शकत नाहीत. त्यामुळे परस्परांची आरशातील प्रतिबिंबे असलेली त्याची ऋण (ध्रुवित प्रकाश डावीकडे वळवणारे) आणि धन (उजवीकडे वळवणारे) अशी दोन रूपे आढळतात. नर हॅमस्टरना ऋण रूप दिल्यास वंध्यत्व येते, कारण शुक्राणूंची निर्मिती आणि हालचाल दोन्ही खालावतात. धन रूपात हा गुण जवळजवळ दिसत नाही. तरीही धन रूपाला निरुपद्रवी समजणे मला धोक्याचे वाटते, कारण ते शरीरातून अधिक सावकाश बाहेर पडते. शिवाय मिश्र गॉसिपॉलची घातक मात्रा प्राण्यागणिक बदलते: गिनीपिग उंदरांपेक्षा कितीतरी कमी मात्रेत दगावतात, म्हणून एकाच प्राण्यावरून कोणत्याही रूपाची सुरक्षितता ठरवू नये.