फ्रॉमर स्टॉप घ्यावं की ३७एम?

जुन्या हंगेरियन लष्करी पिस्तुलांपैकी एकच घ्यायचं, तर बहुतेकांचा घोळ याच दोघांत होतो. मी इथे अमेरिकेत दोन्ही वापरली आणि शेवटी एकच ठेवलं.

स्टॉपची मोहिनी मला पूर्ण मान्य आहे. ७.६५ मिमीच्या काडतुसाला साधी ब्लोबॅक रचनाही, म्हणजे नळीचं मागचं तोंड नुसत्या वजनाने आणि स्प्रिंगने बंद धरणारी, पुरली असती. रुडॉल्फ फ्रॉमर यांनी त्यासाठी लाँग रिकॉइल आणि फिरता बोल्ट (नळीचं मागचं तोंड बंद करणारा भाग) बसवला. गोळी सुटली की नळी आणि बोल्ट एकमेकांत अडकलेलेच पार मागे जातात, मग आधी नळी पुढे परतते आणि तिच्यामागून बोल्ट. दोघांच्या स्प्रिंगा नळीच्या वरच्या नळकांड्यात, एकीत एक. पहिल्या महायुद्धात हंगेरीच्या होनवेद सैन्याने हेच पिस्तूल १२एम म्हणून वापरलं. उघडून टेबलावर मांडलं की तासभर बघत बसावं असं आहे.

पण माझं घोडं पेंड खायचं ते पुंगळीपाशी. फ्रॉमरचं मूळ काडतूस मापाने .३२ एसीपीसारखंच (७.६५ मिमीचंच अमेरिकी नाव), पण जास्त जोराचं. आज दुकानात मिळणारं .३२ त्यामानाने मवाळ. माझ्या स्टॉपमध्ये दर मॅगझीनला एकदा तरी रिकामी पुंगळी बाहेर पडता पडता उभी अडकायची. मॅगझीन काढा, बोल्ट ओढा, पुंगळी बोटाने उडवा, पुन्हा भरा. सात गोळ्यांत जरा हात बसतोय तोवर सगळं विस्कटायचं. काडतुसं बदलली, नव्या स्प्रिंगा टाकल्या. फरक पडला, भरवसा काही बसला नाही. तुमचं कदाचित छान चालेलही, इतक्या जुन्या दोन पिस्तुलांचा स्वभाव एक नसतो.

हंगेरीने पुढे स्वतःच ही गुंतागुंत सोडली. २९एममध्ये ब्लोबॅक आणि ९ मिमी शॉर्ट काडतूस आलं, ३७एममध्ये रचना आणखी सोपी झाली. दिसायला ते ठोकळाच आहे, आणि माशी, म्हणजे नेम धरायची पुढची खूण, इतकी बारीक की संध्याकाळी डोळे ताणावे लागतात. पण मॅगझीनच्या तळाशी पुढे आलेली जिभली आहे ना, तिच्यावर करंगळी टेकली की पकडच बदलते. मूठ आवळताच दस्त्यामागची सेफ्टी आत दबते, वेगळं काही करावं लागत नाही.

दुसऱ्या महायुद्धात जर्मनांसाठी बनलेली ३७एम ७.६५मध्ये आहेत. त्यांना अंगठ्याने फिरवायची वेगळी सेफ्टीही आहे. माझं तसलंच, ‘जेएचव्ही’ छापाचं; बुडापेस्टच्या कारखान्याचा तो जर्मन सांकेतिक शिक्का. ज्या खोक्यातल्या काडतुसांवर स्टॉप अडायचं, त्याच खोक्यातली उरलेली मी यातून एका दुपारी संपवली. एकही पुंगळी अडकली नाही.

कपाटात ठेवून बघायचं असेल तर स्टॉप घ्या, मी अडवणार नाही. रेंजवर न्यायचं असेल तर मात्र ३७एमच बघा. घेताना मॅगझीन जिभलीवालं, मूळचं आहे ना, तेवढं तपासा.