व्हिडिओत एक, पार्सलमध्ये दुसराच: सेकंडहँड डाउनहिल फोर्क घेणाऱ्यांनो, पैसे पाठवण्याआधी हे वाचा

डाउनहिल सायकलचा (उतारावरून वेगाने उतरायची सायकल) सेकंडहँड डबल क्राउन फोर्क, म्हणजे वर आणि खाली दोन क्राउननी (आडव्या पट्ट्यांनी) धरलेला, झटके झेलणारा पुढचा दुकाटा, ऑनलाइन पसंत करून ठेवला असेल आणि पैसे पाठवायचेच बाकी असतील, तर थोडं थांबा. माझे ८५ हजार रुपये गेले. त्याचं दुःख आहेच. पण मला जो फोर्क पाठवला गेला, तो एखाद्याने तसाच लावून मोठ्या ड्रॉपवरून उडी घेतली असती, तर उतरताना पुढचं टायर क्राउनला अडकून चाक जागच्या जागी थांबलं असतं. त्या वेगात पुढे काय होतं, हे डाउनहिल करणाऱ्याला सांगायला नको. पैशांपेक्षा या गोष्टीचा राग मोठा आहे, आणि म्हणून सगळं सविस्तर लिहितोय.

माझी फ्रेम डाउनहिलची, पुढचं चाक २९ इंची, हब (चाकाचा मधला भाग) २० बाय ११० बूस्ट, म्हणजे नव्या मापाचं. आधीचा फोर्क रॉकशॉक्सचा बॉक्सर, ३५ मिलिमीटर स्टँशनचा (स्टँशन म्हणजे आत-बाहेर सरकणाऱ्या वरच्या नळ्या). त्याची बुशिंग्ज (नळ्यांना आतून आधार देणाऱ्या कड्या) झिजली होती. पुढचा ब्रेक दाबून बाइक हलवली की खडखड हाताला जाणवायची. बदलायचा तर दोनच पर्याय डोळ्यांसमोर होते. एक बॉक्सरच, पण २०२४ च्या मॉडेलपासून आलेला ३८ मिलिमीटरचा. किंवा फॉक्स ४०, म्हणजे ४० मिलिमीटरची स्टँशन आणि २०३ मिलिमीटर ट्रॅव्हल (फोर्क जास्तीत जास्त दबतो ते अंतर). वजन ६२ किलो असल्यामुळे कॉइल, म्हणजे धातूची स्प्रिंग, नको होती. माझ्या वजनाची मऊ स्प्रिंग इथे मिळवणं म्हणजे पुन्हा बाहेरून मागवणं आलं. एअर फोर्कमध्ये शॉक पंपाने दाब कमी-जास्त करून काम भागतं. फॉक्स ४० मधला ग्रिप-२ डॅम्पर (फोर्कच्या हालचालीला आवर घालणारा भाग) मी मित्राच्या बाइकवर चालवून पाहिला होता. खडकाळ उतारावर हात दुखत नाहीत, एवढं एक कारण मला पुरेसं होतं. नवा घ्यायचा तर ड्युटी धरून दोन लाखांच्या आसपास जातो, म्हणून सेकंडहँड शोधत होतो.

विक्रेता दुसऱ्या राज्यातला. आपण मनालीला राइड करतो, आता परदेशी चाललोय, म्हणून सामान काढतोय, असं त्याचं म्हणणं. किंमत ९५ सांगून ८५ वर आला. किंमत फार कमी दिसली की आपण सावध होतो, हे या लोकांना पक्कं ठाऊक असतं. त्यामुळे वापरलेल्या चांगल्या फोर्कला जेवढे पैसे कुणीही मागेल, तेवढेच त्यानेही मागितले. बोलणंही पक्क्या रायडरचं. ‘भाई, वजन किती तुझं? मग अमुक दाबापासून सुरू कर, टोकन एक काढून टाक,’ असं त्यानेच आपणहून सांगितलं. (टोकन म्हणजे फोर्कमधल्या हवेची जागा कमी करणारा छोटा तुकडा.) लोअर्सची (फोर्कच्या खालच्या पायांची) सर्व्हिस नुकतीच केलीय, सील नवीन आहेत, असंही म्हणाला.

मी मागितलं ते सगळं त्याने दाखवलं. फॉक्सच्या फोर्कवर खालच्या पायाच्या मागे चार अक्षर-अंकांचा कोड असलेलं छोटं स्टिकर असतं. तो कोड कंपनीच्या साइटवर टाकला की फोर्क कारखान्यातून कुठल्या रूपात निघाला ते कळतं. व्हिडिओतला कोड मी टाकून पाहिला: २९ इंची, फॅक्टरी (कंपनीचं वरच्या दर्जाचं मॉडेल), ग्रिप-२. सगळं जुळलं. स्टिअररला (फ्रेममधून वर हँडलकडे जाणाऱ्या मधल्या नळीला) टेप लावून लांबी दाखवली, तीही पुरेशी होती. डबल क्राउनमध्ये वरचा क्राउनही स्टिअररला धरावा लागतो, त्यामुळे आखूड कापलेला स्टिअरर असेल तर फोर्क फुकट मिळाला तरी उपयोग नाही. सोनेरी कशिमा कोटिंगची स्टँशन समोरून स्वच्छ, एक ओरखडा नाही. अर्धे पैसे आधी पाठवले, उरलेले ट्रान्सपोर्टची पावती आल्यावर. दोन्ही वेळा यूपीआय.

पार्सल उघडलं तेव्हा पहिल्या नजरेत काहीच खटकलं नाही. तेच सोनेरी पाय, लोअर्सवर ‘२९’ लिहिलेले डिकल्स (शोभेचे स्टिकर), मागे तोच कोड. चाक बसवलं आणि गडबड सुरू झाली. डिस्क कॅलिपरच्या मधोमध येईना. अ‍ॅडॉप्टर सैल करून कॅलिपर सरकवायचा तेवढा सरकवला, तरी डिस्क बाहेरच्या बाजूला घासतच राहिली. बूस्ट हबमध्ये डिस्क जुन्या ११० हबपेक्षा बाहेर असते. म्हणजे फोर्क जुन्या मापाचा होता. मग टायर आणि आर्च (लोअर्सना जोडणारी टायरवरची कमान) यांच्यामधली फट पाहिली. पोस्टकार्ड सरकेल एवढीच.

त्यानंतर उजव्या पायाच्या तळाकडे पाहिलं. ग्रिप-२ ला तिथे रिबाउंडचे (दबलेला फोर्क किती वेगाने परत वर येतो ते ठरवणारे) दोन नॉब असतात, वेगवान आणि संथ हालचालीसाठी वेगवेगळे. इथे एकच होता. वरच्या बाजूला मात्र कॉम्प्रेशनचे (फोर्क किती वेगाने दबतो ते ठरवणारे) दोन नॉब जसेच्या तसे. जुन्या आरसी-२ डॅम्परची मांडणी हीच, म्हणून वरून पाहणाऱ्याला फरक कळत नाही.

कोडचं स्टिकर जवळून पाहिलं तर एक कोपरा वळलेला आणि डिंकाखाली बारीक धूळ अडकलेली. दुसऱ्या फोर्कवरून सोलून इथे चिकटवलेलं. व्हिडिओ पुन्हा लावला. त्यातल्या फोर्कच्या खालच्या क्राउनवर डाव्या बोल्टपाशी रंगाचा टवका उडालेला स्पष्ट दिसतो. माझ्यासमोरच्या क्राउनवर तिथे काहीच नव्हतं.

माझा मेकॅनिक चाळीस वर्षं सायकली उघडत आलेला माणूस. त्याने फोर्क उलटा केला, मागची बाजू कापडाने पुसली आणि म्हणाला, ‘साहेब, इथे नख फिरवा.’ उजव्या स्टँशनच्या मागच्या अंगाला, सीलच्या बरोबर वाटेत, नख अडकेल असा उभा चरा होता. त्यात पारदर्शक काहीतरी भरून घासून चकचकीत केलं होतं. ही युक्ती डबल क्राउनमध्येच जमते. यात स्टँशन दोन्ही क्राउनमध्ये फक्त बोल्टने आवळलेली असतात. बोल्ट सैल करा, नळी अर्धी फिरवा, पुन्हा आवळा. खराब बाजू मागे गेली, आणि समोरून फोटो काढले की फोर्क नवाकोरा. सिंगल क्राउनच्या फोर्कमध्ये स्टँशन क्राउनमध्ये दाबून बसवलेली असतात, तिथे असं फिरवता येत नाही.

मग त्याने डाव्या पायाच्या व्हॉल्व्हमधून हवा सोडली आणि आम्ही दोघांनी वजन टाकून फोर्क तळापर्यंत दाबला. शेवटचे दोन-अडीच सेंटिमीटर उरले असताना टायर खालच्या क्राउनला टेकलं. फोर्क साडेसत्तावीस इंची चाकाचा होता. २९ चे डिकल्स वरून लावले होते. लोअर्स काढले तेव्हा तळातून तेलाऐवजी काळपट चिखल आला आणि सीलखालचे फोमचे रिंग कोरडे ठणठणीत निघाले. हीच ती नुकतीच केलेली सर्व्हिस.

फोन केला तर आधी ‘ट्रान्सपोर्टमध्ये कुणीतरी बदलला असेल’. मी क्राउनचे दोन फोटो शेजारी शेजारी लावून पाठवले. त्यावर उत्तर नाही, नंतर नंबर ब्लॉक. काही आठवड्यांनी नाशिकच्या एका ओळखीच्या रायडरने मला एक व्हिडिओ पाठवून विचारलं, ‘दादा, हा फोर्क कसा वाटतो?’ टवका तोच, कोड तोच, नाव वेगळं, शहर वेगळं. तो रायडर फसण्यापासून वाचला. त्या खऱ्या फोर्कचा वापर फक्त दाखवण्यापुरता चाललाय, हे तेव्हा लक्षात आलं.

तक्रारीबद्दल थोडं, कारण इथे बरेच जण हात टेकतात. १९३० या सायबर हेल्पलाइनवर आणि राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर तक्रार करता येते. पैसे पुढच्या खात्यात अजून पडून असतील तर ते गोठवता येतात, म्हणून पहिले काही तास सर्वांत महत्त्वाचे. माझ्या बाबतीत पार्सल यायलाच इतके दिवस गेले की खातं रिकामं झालं होतं. पिन टाकून केलेलं यूपीआय पेमेंट बँक परत फिरवत नाही. चौकीवर ‘हा तुमच्या दोघांचा व्यवहार आहे’ असं ऐकायची तयारी ठेवा, पण मागे हटू नका. दाखवायची वस्तू एक आणि पाठवायची दुसरी, हे फसवणुकीत बसतं. पूर्वीचं कलम ४२०, आता भारतीय न्याय संहितेचं ३१८. दुकानातून घेतलं असेल तर ग्राहक आयोगाचा रस्ता आहे, पण स्वतःची जुनी वस्तू एकदाच विकणाऱ्या खासगी माणसाविरुद्ध तो सहसा चालत नाही.

आता कुणी मला विचारलं तर मी पहिली गोष्ट ही सांगतो: लाइव्ह व्हिडिओ कॉलवर क्राउनचे बोल्ट सैल करायला लावा आणि दोन्ही स्टँशन पूर्ण गोल फिरवून दाखवायला सांगा. कॉलमध्ये कोड, तुमचं नाव आणि तारीख लिहिलेला कागद आणि क्राउन एकाच चौकटीत दिसू द्या, आणि क्राउनवरचे, लोअर्सवरचे बारीक ओरखडे नीट टिपून ठेवा. पार्सलमध्ये तेच मिळाले पाहिजेत. हवा सोडून फोर्क तळापर्यंत दाबायला लावा, तोही चाक लावलेला असताना. तळाचे नॉब मोजा. हबचं माप तोंडी विचारू नका, अ‍ॅक्सल आणि डिस्क दिसेल असा फोटो घ्या. खरा रायडर या सगळ्याला कंटाळेल, कदाचित चिडेलही, पण करून दाखवेल, कारण त्याला स्वतःला ठाऊक असतं की या वस्तूवर माणसाचा जीव टांगलेला असतो.

त्याहून चांगला मार्ग म्हणजे विक्रेत्याच्या शहरातल्या एखाद्या सायकल दुकानाशी बोला, तपासणीचे पैसे द्या आणि फोर्क तिथे उघडून पाहिल्यावर, दुकानाने स्वतः पॅक केल्यावरच रक्कम पाठवा. यात हजार-दोन हजार जातात. ‘दुकानात न्यायला वेळ नाही, दुसरा गिऱ्हाईक तयार आहे’ असं उत्तर आलं, तर तो फोर्क त्या दुसऱ्या गिऱ्हाइकाला जाऊ द्या.

माझ्याकडचा फोर्क सुटा करून ठेवलाय. पोलिसांना पुरावा म्हणून लागेल, आणि मी तो कुणालाही विकणार नाही. खालच्या क्राउनवर डाव्या बोल्टपाशी टवका असलेला, सोनेरी पायांचा फॉक्स ४० कुणी तुम्हाला विकायला आणला, तर संभाषण पुसू नका. स्क्रीनशॉट, खात्याचा तपशील आणि यूपीआय आयडी घेऊन १९३० वर फोन करा, आणि याच व्हिडिओवरून आधी एक तक्रार झालेली आहे, हे तिथे आवर्जून सांगा.