एक्सेप्शनच्या चुका पकडणारा रफ: कोणते नियम लावावेत, कोणते बंद ठेवावेत

पायथॉनचा कोड तपासणारं 'रफ' हे टूल रस्ट या भाषेत लिहिलेलं आहे आणि त्याचा वेग सगळ्यांना ठाऊक आहे. पण एक्सेप्शन (कोड चालताना येणारा एरर) रेज करतानाच्या, म्हणजे मुद्दाम उभा करतानाच्या, आणि पकडतानाच्या चुका ते कितपत पकडतं? नुसतं 'रफ चेक' चालवलंत तर फारच थोड्या. मूळ सेटिंगमध्ये या विषयातले ई७२२ (कोणता एरर पकडायचा त्याचं नाव न देता लिहिलेला 'एक्सेप्ट') असे मोजकेच नियम चालू असतात. बाकीचे प्रोजेक्टच्या 'पायप्रोजेक्ट डॉट टॉमल' या सेटिंग फाइलमध्ये 'एक्स्टेंड-सिलेक्ट'खाली स्वतः लिहावे लागतात.

पहिला लावा बी९०४. 'एक्सेप्ट की-एरर' पकडून आत स्वतःचा 'कॉन्फिग-एरर' रेज केला आणि पुढे 'फ्रॉम ई' (ई म्हणजे पकडलेला एरर) लिहिलं नाही, तर ट्रेसबॅक, म्हणजे एरर कुठून आला हे दाखवणारा मजकूर, सांगतो की पहिला एरर हाताळताना दुसरा उद्भवला. वाचणाऱ्याला वाटतं, एरर हाताळणारा कोडच फसला. 'फ्रॉम ई' असेल तर पहिला एरर हेच दुसऱ्याचं थेट कारण, असं स्पष्ट छापून येतं. मूळ एरर वापरणाऱ्याच्या कामाचा नसेल तर 'फ्रॉम नन' लिहा, म्हणजे तो छापलाच जात नाही. या दोन्हींतलं काय हवं हे कोड लिहिणाऱ्यालाच माहीत असतं, म्हणून रफ इथे आपोआप दुरुस्ती करत नाही. ते योग्यच आहे.

सोबत बीएलई००१ आणि ट्राय४०० घ्या. सरसकट 'एक्सेप्ट एक्सेप्शन' लिहिलं की बीएलई००१ अडवतो, मात्र आत पुन्हा रेज केलेलं असेल किंवा ट्रेसबॅकसकट लॉग केलेलं असेल तर सोडून देतो. ट्राय४०० 'लॉगिंग डॉट एरर'च्या जागी 'लॉगिंग डॉट एक्सेप्शन' सुचवतो, कारण पहिल्यात ट्रेसबॅक लॉगमध्ये आपोआप येत नाही.

ट्राय००३ मात्र बंदच ठेवा. 'व्हॅल्यू-एरर'मध्ये वाक्यभर मेसेज लिहिला की तो तक्रार करतो. त्याला प्रत्येक मेसेजसाठी वेगळा क्लास हवा असतो. मग लोक मेसेजच कापून एका शब्दावर आणतात. हे खरं नुकसान. ईएम१०१चं म्हणणं निदान पटण्यासारखं आहे: ट्रेसबॅक कोडची ओळही छापतो, त्यामुळे ओळीतच लिहिलेला मेसेज दोनदा दिसतो. मेसेज आधी व्हेरिएबलमध्ये ठेवला की हे टळतं. त्याची आपोआप दुरुस्ती 'अनसेफ' (कोडचं वागणं बदलू शकेल अशा) गटात आहे, तेव्हा बदल डोळ्यांखालून घाला.

मेसेज चांगला आहे का, हे रफला अजिबात कळत नाही. 'चुकीचं वय' असा मेसेज व्हेरिएबलमध्ये ठेवला की तो हे सगळे नियम पार करतो. 'वय ० पेक्षा मोठं हवं, मिळालं -५' हे आपणच लिहायचं. मिळालेली किंमत स्ट्रिंग (मजकूर) असेल तर एफ-स्ट्रिंगमध्ये, म्हणजे व्हेरिएबलची किंमत आत भरता येणाऱ्या मजकुरात, '!आर' लावा, म्हणजे शेवटी चिकटलेली स्पेससुद्धा अवतरणचिन्हांमुळे दिसते.

जुन्या प्रोजेक्टमध्ये एकदम शेकडो तक्रारी आल्या तर एकेक नियम निवडून रफचा 'ॲड-नोक्यूए' हा पर्याय चालवा. जुन्या ओळींवर 'इथे तक्रार नको' अशी खूण पडते आणि नव्या कोडला नियम लगेच लागू होतो.