साइड इफेक्ट म्हणाव का दुष्परिणाम?

आमच्या इकडं आता सगळ्यालेच साइड इफेक्ट म्हणतात, गोळी खाल्ली अन् मळमळलं तरी साइड इफेक्ट, फवारणी करून माणूस दवाखान्यात भरती झाला तरी साइड इफेक्टच. गोळीसाठी शब्द एकदम ठीक हाय, मेडिकलवाल्यापासून आजीपर्यंत सगळ्याले समजते, तिथं दुष्परिणाम म्हटलं तर म्हातारं माणूस घाबरून गोळीच बंद करते.

पण शेतीत मले तो लय हलका वाटते. 2017 मंधी यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारताना विषबाधा होऊन 20 च्या वर शेतकरी-मजूर गेले, शेकडो लोक दवाखान्यात होते, याले साइड इफेक्ट कसं म्हणाव? अन् डायक्लोफिनॅक घ्या, ढोराच्या दुखण्यावरचं औषध, ते दिलेलं ढोर मेलं का गिधाडं खायची अन् त्यायच्या किडन्या फेल व्हायच्या, देशभरातली गिधाडं जवळपास संपली तवा कुठं 2006 मंधी जनावरांसाठी त्याच्यावर बंदी आली. एवढ्या दूरवर पोचणाऱ्या गोष्टीले दुष्परिणामच म्हणाव लागते.

हा शब्द पुस्तकी हाय, मान्य, सरकारी पाटीवरचा वाटते. तरीपण मजुराच्या पाठीवर पंप देताना हाच वापरा, अन् कोणता दुष्परिणाम तेही सांगा: चक्कर, उलटी, डोळ्यापुढं अंधारी. असं काही झालं का फवारा तिथंच बंद, कपडे काढून अंग साबणानं धुवा अन् औषधाची बाटली नाहीतर लेबल घेऊन सरळ दवाखाना गाठा.