कांद्याचा पापुद्रा भिंतीवर: प्रोजेक्टर आणि सूक्ष्मदर्शक-कॅमेऱ्याचा वर्षभराचा अनुभव

आमचा सरंजाम साधाच आहे. शाळेचा जुना प्रोजेक्टर, माझा लॅपटॉप, प्रयोगशाळेतला सूक्ष्मदर्शक आणि त्याच्या नेत्रिकेच्या (डोळा लावायच्या भिंगाच्या) जागी बसणारा यूएसबी कॅमेरा. नवा घेतला तो फक्त कॅमेरा, साडेतीन हजारांच्या आत. नववीत साठ मुलं. सूक्ष्मदर्शकापुढे रांग लावली तर 35 मिनिटांच्या तासात प्रत्येकाच्या वाट्याला जेमतेम अर्धं मिनिट येतं, आणि त्या अर्ध्या मिनिटात पोरगं नेमकं काय बघतंय हे मला कळायला मार्ग नाही. कांद्याच्या पेशी म्हणून वहीत जाड काळ्या कडेचे गोल काढून आणणारे दरवर्षी निघतातच. ते असतात हवेचे बुडबुडे. आता भिंतीवर छडी टेकवून सांगता येतं, हा बुडबुडा, ही पेशीभित्तिका, हे कडेला सरकलेलं केंद्रक. माझे पैसे इथेच वसूल झाले.

सगळ्यात रंगलेला तास रिओच्या पानाचा. नर्सरीत आणि बंगल्यांच्या कुंपणाला सर्रास दिसणारं, खालून जांभळं असलेलं हे झाड. पान दुमडून फाडलं की खालच्या बाजूचा पातळ पापुद्रा सुटतो. भिंतीवर जांभळ्या पेशींची फरशी आणि मधेमधे हिरव्या रक्षक पेशींच्या जोड्या, म्हणजे पर्णरंध्रं. रंग घालायचीही गरज नाही. मग आच्छादन काचेच्या एका कडेला मिठाच्या पाण्याचा थेंब सोडायचा आणि दुसऱ्या कडेला टिपकागद लावून तो आत ओढून घ्यायचा. काही मिनिटांत जांभळा रंग पेशीच्या कडा सोडून आत गोळा होतो. हाच रससंकोच, खारट पाण्यामुळे पेशीतलं पाणी बाहेर गेल्याने होणारा. त्यावर साधं पाणी सोडलं की पेशी पुन्हा भरतात. ‘पुन्हा मीठ टाका ना मॅडम’ असा गलका झाला, तोही मागच्या बाकांवरून.

तयार चित्रफितींबद्दल माझं मत थोडं आखडतं आहे. पुस्तकातला क्यूआर कोड स्कॅन करून ‘दीक्षा’ या सरकारी शैक्षणिक ॲपवरचं साहित्य दाखवणं सोपं जातं, आणि प्रकाशसंश्लेषणासारख्या डोळ्यांना न दिसणाऱ्या गोष्टींना ते हवंच. पण ॲनिमेशनमध्ये जलवाहिनी (पाणी वर नेणारी) निळी आणि रसवाहिनी (अन्न नेणारी) लाल बघितलेली मुलं खऱ्या छेदातही निळ्या-लाल नळ्या शोधतात. सॅफ्रॅनिन हा लाल रंग घातलेल्या छेदात तर नेमकी जलवाहिनीच लाल होते, आणि मग सगळा गोंधळ. त्यामुळे मी क्रम उलटा केला. आधी तेरड्याची फांदी लाल शाईच्या पाण्यात ठेवायची, ब्लेडने खोडाची पातळ चकती कापायची आणि ती भिंतीवर दाखवायची. कडेने गोलाकार मांडलेले लाल ठिपके दिसतात. शेजारी मक्याच्या खोडाची चकती ठेवली की वाहिन्यांचे पुंजके खोडभर विखुरलेले. द्विबीजपत्री आणि एकबीजपत्री हा फरक मुलांनी स्वतःच सांगितला. ॲनिमेशन त्यानंतर.

आता वाढीचं. इथे सूक्ष्मदर्शक लागतच नाही. फोन, स्टँड आणि ठरावीक वेळाने फोटो काढणारं ॲप पुरतं. काचेच्या ग्लासात ओला टिपकागद, कागद आणि काच यांच्यामध्ये मोड आलेले मूग. दर 5 मिनिटांनी एक फोटो घेतला तर दिवसाचे 288 होतात, आणि सेकंदाला 24 या वेगाने चालवले की अख्खा दिवस 12 सेकंदांत उरकतो. दिवा मात्र वरून आणि सतत एकसारखा हवा. खिडकीच्या उजेडावर काढलेली फीत इतकी लुकलुकते की मुलं डोळे चोळतात. मुगाचं कोवळं खोड आकड्यासारखं वाकून वर येतं, बीजदलं बरोबर घेऊन, आणि मग सरळ होतं. हरभऱ्याची दलं मात्र खालीच राहतात. दोन्ही फिती शेजारी शेजारी लावल्या तर सांगण्यासारखं फार उरत नाही.

पण खरा कस लागतो तो मूळ कुठून वाढतं या प्रश्नाला. वर्गातल्या बहुतेकांचं म्हणणं होतं की ते केसासारखं वाढतं, वरून बी ढकलतं आणि टोक पुढे सरकतं. पावट्याचं मूळ दोन सेंटिमीटर झाल्यावर ते टिपकागदाने कोरडं केलं आणि पाण्याने न फिसकटणाऱ्या शाईत बुडवलेल्या दोऱ्याने एकेक मिलिमीटरवर खुणा केल्या. दुसऱ्या दिवशी कालचा आणि आजचा फोटो भिंतीवर शेजारी ठेवले. बियाजवळच्या खुणा होत्या तशाच, टोकाच्या लगेच मागच्या तेवढ्या फाकलेल्या. वर्ग गप्प. मग एकाने विचारलं, ‘आमच्या आंब्याला आजोबांनी मारलेला खिळा अजून तेवढ्याच उंचीवर आहे, तो यामुळेच का?’ विभाजी ऊतींचा, म्हणजे सतत विभागणाऱ्या पेशींच्या ऊतींचा, धडा त्या खिळ्यावरच पुरा झाला: उंची शेंड्याकडून वाढते, खोड जाड होतं ते पार्श्व विभाजी ऊतींमुळे, म्हणून साल खिळ्याला हळूहळू गिळते.

जाता जाता, हे खूळ आपल्याकडे जुनं आहे. जगदीशचंद्र बोस यांचा क्रेस्कोग्राफ वनस्पतीची वाढ दहा हजार पटींनी मोठी करून काजळी धरलेल्या काचेवर उमटवत असे, आणि पुढच्या चुंबकीय क्रेस्कोग्राफमध्ये तीच वाढ उजेडाच्या सरकत्या ठिपक्यातून दिसायची.

तक्रारीही आहेत. कॅमेऱ्याच्या खोक्यावरचे ‘1000 पट’ हे शब्द निव्वळ विक्रीसाठी. भिंतीवरचं चित्र किती मोठं, हे प्रोजेक्टर किती मागे ओढला यावर ठरतं. तपशील मात्र भिंग देईल तेवढाच. यातून मुलांचा मापाचा अंदाजही पार सुटतो. कांद्याची पेशी वीतभर दिसते, प्रत्यक्षात ती साधारण पाव मिलिमीटर. म्हणून मी दरवेळी आधी पारदर्शक पट्टी भिंगाखाली ठेवते आणि एक मिलिमीटर भिंतीवर केवढा होतो ते दाखवते. हे केल्याशिवाय पुढे जाऊ नये असं माझं ठाम मत झालंय. शिवाय ज्यांना प्रत्यक्ष डोळा लावून बघायचंय त्यांच्यासाठी मधल्या सुट्टीत कॅमेरा काढून ठेवते. भिंतीवर बघितल्यावर ही रांग वाढलीच, कमी झाली नाही.

बाकी अडचणी ठरलेल्या. उन्हाळ्यात दुपारी वर्गात एवढा उजेड असतो की फिक्या गोष्टी, विशेषतः हायड्रिला या पाणवनस्पतीच्या पानात फिरणारी हरितलवकं, भिंतीवर पुसट होतात. जाड पडदे लावा, नाहीतर तास सकाळी घ्या. वीज गेली तर लॅपटॉपच्या पडद्याभोवती मुलं गोळा करायची, दुसरा उपाय नाही. सोबत आलेलं सॉफ्टवेअर भिकार होतं, विक्रेत्याने फोनही उचलला नाही. लॅपटॉपमधल्या साध्या कॅमेरा ॲपवर काम भागलं. आणि कॅमेऱ्याची वायर आखूड असते. सूक्ष्मदर्शक खिडकीजवळ आणि लॅपटॉप प्रोजेक्टरजवळ ठेवायचा असेल, तर चांगल्या प्रतीची लांब यूएसबी वायर आधीच मागवून ठेवा. स्वस्तातल्या वायरीवर चित्र मधेच गोठतं, नेमकं मीठ टाकल्यावर.