रक्त काढून ‘व्हायरस सापडला’ म्हणणारा आला तर गेट उघडू नका

एकूण ६१,५०० रुपये गेले. आकडा आधीच सांगितलेला बरा.

माझे चार हजार लेअर, म्हणजे अंड्यांच्या कोंबड्या. अंडी एकदम घटली. जी यायची ती सुरकुतलेल्या टरफलाची, आणि फोडली की पांढरं पाण्यासारखं पसरायचं. रात्री शेडमध्ये घरघर. फीडच्या दुकानात भेटलेला एक ‘डॉक्टर’ दुसऱ्याच दिवशी पेटी घेऊन दारात. त्याने पंखाखालच्या शिरेतून रक्त काढलं आणि कार्डावर थेंब टाकले. २० कार्डं, प्रत्येकी ४५०, म्हणजे ९,००० रोख. वीसच्या वीस पॉझिटिव्ह! “मानमोडी आहे, आणि बर्ड फ्लूचीही शंका येतेय.”

त्यातले सहा पक्षी मी मुद्दाम पलीकडच्या शेडमधले धरून दिले होते. ठणठणीत, भरपूर अंड्यावरचे. तेही पॉझिटिव्ह! तिथेच त्याची पेटी बाहेर फेकायला हवी होती. मानमोडी म्हणजेच राणीखेत, आणि लासोटा ही त्याचीच लस; ती दिलेल्या पक्ष्याच्या रक्तात राणीखेतच्या अँटीबॉडी असणारच, नसल्या तर लस वाया गेली म्हणायची. कार्डावर रोग नव्हता, मीच पैसे मोजून दिलेली लस दिसत होती. विषाणू शोधायचा तर घशाचा आणि विष्ठामार्गाचा स्वॅब लागतो, तो बर्फात जातो, आरटी-पीसीआर होते. हे मला ठाऊक नव्हतं असं नाही. पण ‘बर्ड फ्लू’ कानावर पडल्यावर डोकं कुणाचं ताळ्यावर राहतं? २००६ ला नवापूरला काय झालं, २०२१ ला पुन्हा काय झालं, ते कोणता पोल्ट्रीवाला विसरलाय? एक किलोमीटरच्या आतले सगळे पक्षी मारतात. माझ्या बांधाला चुलतभावाचं शेड आहे. त्याला काय तोंड दाखवणार होतो?

“वर कळवत नाही, मिटवून टाकू,” म्हणाला. मग ‘अँटीव्हायरल’ इंजेक्शन, पक्ष्यामागे ९ रुपये, झाले ३६,०००. व्यापाऱ्याला दाखवायला निगेटिव्ह सर्टिफिकेट, १६,५००. बाटलीवर बॅच नंबर नाही, पावती नाही. पावती न देणाऱ्याला एक रुपयाही देऊ नका.

तालुक्याच्या दवाखान्यात साहेब कॅम्पला. पुन्हा गेलो तर मीटिंगला. भेटले तेव्हा म्हणाले, सॅम्पल तुम्हीच पोचवा, आमच्याकडे गाडी नाही. पोलीस ठाण्यात अर्ज घेईनात. “जबरदस्ती केली का त्याने? तुम्हीच दिलेत ना?” वर एकाने कायदा शिकवला, की २००९ च्या कायद्याप्रमाणे संशयित रोग कळवणं मालकाचं काम, तुम्ही तर लपवायला पैसे दिलेत, तक्रार केली तर आधी तुम्हीच अडकाल. म्हणजे चोर मोकळा आणि मी आरोपी! औषधाच्या बाटल्या घेऊन गेलो तर हे आमच्याकडे येत नाही, तिकडे जा. तिकडचे म्हणाले, इकडे.

शेवटी स्वॅब मीच थर्मासमध्ये बर्फ घालून पुण्याला औंधच्या प्रयोगशाळेत नेले. बर्ड फ्लू नाही. निघाला आयबी, इन्फेक्शियस ब्रॉन्कायटिस, कोंबड्यांच्या श्वासाचा आणि अंड्यावर येणारा वेगळाच विषाणूरोग. तशी अंडी बघूनच जाणत्याला संशय आला असता. आयबीचा विषाणू मारणारं इंजेक्शन नसतंच, मग ३६,००० चं त्याने टोचलं काय?

आणि बर्ड फ्लूवर शिक्कामोर्तब भोपाळच्या राष्ट्रीय संस्थेतून होतं. शेडच्या दारात उभं राहून कुणी करत नाही. दुसरं, असले लोक एका फार्मवरून दुसऱ्यावर त्याच चपलांनी फिरतात, रोगही तेच आणतात. सुया तर त्याने बदललेल्याही मी पाहिल्या नाहीत.

त्याच्या गाडीचा नंबर पोलिसांना लिहून दिलाय. अजून कुणी विचारायला आलं नाही. गाडी परवा शेजारच्या गावात एका ब्रॉयलरवाल्याच्या दारात उभी होती.